परभाषेंतील भूत

परवां घरीं ‘चंद्रमुखी’ हा तामिळ बोलपट पाहिला. १९९३ सालच्या ‘मणिचित्रत्ताळ्’ या मल्याळी बोलपटाचा हा २००५ सालचा नवा अवतार. गंगा जुन्या वाड्यांत राहावयास येते, तेथें मारल्या गेलेल्या नर्तकीशीं मनानें एकरूप होते, आणि परक्या भाषेंत बोलूं लागते. मौज अशी, कीं मल्याळी बोलपटांतील नर्तकी तामिळ, तामिळमधील तेलुगु, तर २००७ सालच्या हिंदी ‘भूलभुलैया’मधील बंगाली! भूत नेहमीं शेजाऱ्याचेंच.

माझें हंसूं मात्र लवकरच मावळलें. माझ्या लहानपणीं आमच्याकडे राहणारी मावशी मधूनच अशीच निराळ्या आवाजांत बोले. वडीलधाऱ्यांनीं अंगारे-धुपारे केले, लिंबें उतरून टाकलीं. डॉक्टरास कोणीं बोलाविलें नाहीं. आम्हां मुलांस तिच्या खोलीकडे फिरकण्याचीही बंदी होती. पडद्यावरील डॉक्टर गंगेला आजारी म्हणतो, आणि तिचा पति तिला अंतर देत नाहीं. मावशीला जाऊन आतां चाळीस वर्षें झालीं. बंदी मोडून, त्या दाराशीं उभें राहून, “मावशी, काय होतंय ग तुला?” एवढें तरी मीं एकदां विचारावयास हवें होतें.