स्वल्पविराम, पूर्णविराम

बाबांचे अक्षर वळणदार होते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्यांची सारी नोकरी झाली. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरते, जनित्रे फिरवून वाशिष्ठीला मिळते. हा प्रवास त्यांनी नोंदवहीतल्या आकड्यांत पाहिला. ते आकडे छापल्यासारखे असत. निवृत्तीनंतरही त्यांनी गाव सोडले नाही. मी कोल्हापुरात मराठी शिकवू लागल्यावर दरमहा त्यांचे आंतरदेशीय पत्र येई.

२०१२च्या सुमारास पत्रांतले अक्षर बारीक होऊ लागले. ओळ ठीक सुरू होई आणि उजव्या कडेला पोचेपर्यंत मुंग्यांची रांग होऊन जाई. मला वाटले, कागद वाचवतात. काटकसर हा आमच्या घराचा स्थायीभाव. 'पुढचे पत्र भिंगासह पाठवावे' असे मी थट्टेने कळवलेही. शैलीविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे लिहावे!

मग उजवा हात थरथरू लागला. एका रुग्णालयात मेंदूचा एमआरआय झाला. अहवालात 'नॉर्मल' हा शब्द होता आणि त्या एका शब्दाच्या आधारावर आम्ही दोन वर्षे निश्चिंत राहिलो. साध्या एमआरआयमध्ये कंपवात बहुधा दिसत नाही, तो मुख्यतः गाठ, पक्षाघात अशी अन्य कारणे वगळण्यासाठी काढतात, हे तेव्हा आम्हांला कुणी सांगितले नाही. शेजारच्या आजी मात्र खाजकुयलीच्या बिया घ्या म्हणत होत्या. आम्ही हसलो. त्या बियांत लेव्होडोपा असते, म्हणजे या आजारावर आजही दिले जाणारे मुख्य औषध, हे मला फार उशिरा कळले. (अर्थात मात्रेचा अंदाज नसताना बिया खाणे हा उपचार नव्हे.)

२०१६ साली पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी बाबांना आधी चालायला लावले, मग एक वाक्य लिहायला. निदान जवळपास झालेच होते. पण कप उचलतानाही हात कापत असल्याने दुसऱ्या प्रकारच्या कंपाची शंका उरत होती. म्हणून त्यांनी ट्रोडॅट स्कॅन सांगितला. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले औषध शिरेतून देतात. डोपामिन पुन्हा पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनांना ते मेंदूत जाऊन चिकटते. काही तासांनी कॅमेरा त्याचे किरण टिपतो.

डॉक्टरांनी दोन चित्रे शेजारी ठेवली. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना तेजस्वी स्वल्पविराम दिसतात. बाबांच्या चित्रात डावीकडच्या चिन्हाची शेपटी गळून नुसता ठिपका उरला होता. उजवीकडची झिजत चालली होती. मेजर कँडीने मराठीत रुजवलेली ही चिन्हे मी वर्गात किती निष्काळजीपणे शिकवली होती! लक्षणे दिसेपर्यंत या मज्जातंतूंची बरीच हानी होऊन गेलेली असते, असे डॉक्टर म्हणाले. शिवाय कंपवातासारख्या दिसणाऱ्या काही दुर्मीळ विकारांतही असेच ठिपके येतात. चित्र असले तरी रुग्णाला पाहावेच लागते. जेम्स पार्किन्सनने १८१७च्या निबंधात वर्णिलेल्या सहा रुग्णांपैकी काही तर त्याला केवळ रस्त्यात दिसलेले होते.

कोल्हापुरास परतल्यावर मी सगळी पत्रे तारखेनुसार जमिनीवर मांडली. उतरण २०१२च्याही आधीची होती. २०११च्या दिवाळीच्या पत्रातच 'अनेक आशीर्वाद' पहिल्या ओळीच्या निम्म्या आकाराचे होते.

पुढच्या वेळी पोफळीला जाताना मी दुरेघी वही नेली. रेघा समोर असल्या की अक्षर काही ओळी मोठे राहते. पहिल्या पानावर बाबांनी वीजगृहातल्या जनित्रांचे क्रमांक लिहिले, एक ते आठ. सातपर्यंतचे कोल्हापूरहूनही वाचता आले असते.