वावर कोनाचं होतं?

बार्शीटाकळीला शिकवायला लागून दोनेक वर्षं झाली असतील. बी. ए.च्या वर्गाला जगाचा इतिहास होता आणि युद्धं मी सगळे मांडतात तशीच फळ्यावर मांडायचो. डावीकडे कारणे, उजवीकडे परिणाम, मध्ये उभी रेघ. लढाई काय ती त्या रेघेत. पेपरात तेवढंच येतं, आणि मीही तेवढंच वाचून पास झालेलो.

नेपोलियन शिकवताना वेलस्लीचं नाव निघालं. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच, आणि त्याआधी बारा वर्षं तो आपल्या जिल्ह्यात येऊन लढून गेला होता, असं सांगून मी ऐटीत म्हणालो, "अरगॉमची लढाई." टिपण इंग्रजी पुस्तकातून काढलेलं. मागच्या बाकावरचा तेल्हाऱ्याकडचा मुलगा उठला. "सर, ते अडगाव होय. माहा मामा तेथीच रायते."

वर्ग हसला. साहेबानं ड चा र केला आणि मी दोन पदव्या घेऊन तोच घोकत होतो.

दुसऱ्या दिवशी मधली रेघ पुसली आणि नुसती लढाई सांगितली. २९ नोव्हेंबर १८०३. दिवस कलायला आलेला. भोसले आणि शिंद्यांच्या तोफा सुरू झाल्या, तसे दोनच महिन्यांपूर्वी असईला छाती काढून लढलेले कंपनीचे शिपाई पाठ फिरवून पळाले. वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना गोळा केलं, पुन्हा ओळीत उभं केलं. पाठलाग चालला तो चांदण्यात. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ला देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक इंग्रजांना दिलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला. "म्हणजे आपण बसलो ते," मी म्हणालो. वर्ग कधी नव्हे तो चिडीचूप होता.

त्या दिवशी चार दिवसांनी उगवलेली एक मुलगी खिडकीशी बसली होती. नोव्हेंबरात आमचे वर्ग अर्धे रिकामे असतात. वेचणी असते, कोणी विचारत नाही. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिच्या बोटांची पेरं ओरखडलेली होती. वही उघडताना ती नखाच्या बाजूनं पान उलटत होती.

"सर, २९ नोव्हेंबरले तं कपाशी फुटेल असते."

"असते."

"मंग ते वावर कोनाचं होतं?"

मी मास्तरच. उत्तर नसलं की दुसरं उत्तर देतो. कापसाचा विषय निघालाच आहे तर म्हणून १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली इथपासून धरलं: उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ला तिकडे युद्ध संपताच इकडे भाव कोसळला. चांगलं रंगलं होतं. दूरच्या युद्धाचा आपल्या घराशी असलेला संबंध दाखवायला याहून नेमकं उदाहरण मला आजही सापडत नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तो भाव झाला, सर. मी वावराचं इचारून रायली."

पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच सहा पोरांना घेऊन अडगावला गेलो. अकोला, अकोट, तिथून पुढे. ती आली नाही, वेचणी होती. मी सोबत जुन्या नकाशाची झेरॉक्स घेतली होती. उन्हात ती उलटसुलट धरून उत्तर कुठली ते शोधत होतो. चहूकडं सपाट काळी जमीन, पांढरी झालेली कपाशी आणि लांब सातपुड्याची निळी रेघ.

धुऱ्यावर एक म्हातारे बसले होते. मी नमस्कार केला. "मामा, इंग्रजांची लढाई झाली ते कोणतं वावर?"

त्यांनी आधी माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग पोरांकडं, आणि उठून उभे राहिले.

"मोजनीवाले आहा काय तुमी? रस्ता कुकडून काहाडून रायले?"