तळातला सूर

रॉकचं कुठलंही गाणं लागलं की माझा कान आधी तळाशी जातो. गायक कोण, गिटारवाला काय करामत करतोय, हे नंतर. आधी बेस गिटार. चार जाड तारांचं हे वाद्य गाण्याचा खर्ज सांभाळतं. ड्रमच्या ठेक्याला आणि वरच्या सुरावटीला एकमेकांत बांधून ठेवतं. बेस नीट वाजत असेल तर गाणं निम्मं जिंकलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

शाळेच्या वयात हा खर्ज माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. मामाने आखातातून आणलेला टू-इन-वन, त्यात कॉपीवरून कॉपी केलेल्या बीटल्सच्या कॅसेट, आणि तळहाताएवढे स्पीकर. बेसच्या सगळ्यात खालच्या तारेची कंपनं सेकंदाला साधारण ४१. तेवढ्या संथ लयीत पुरेशी हवा हलवणं त्या स्पीकरच्या आवाक्यातलं नव्हतं. तरीही गाणी पोकळ वाटायची नाहीत. प्रत्येक स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर उमटतात आणि तेवढ्या खुणांवरून मेंदू तळचा स्वर स्वतःच उभा करतो. म्हणजे त्या काळात मी जो बेस ऐकला, त्यातला बराचसा माझ्याच डोक्यात वाजत होता.

पुण्यात हॉस्टेलवर एका मित्राकडे मोठ्या स्पीकरचा डेक होता. त्यावर बीटल्सचं ‘पेपरबॅक रायटर’ लागलं आणि ओळखीच्या गाण्याखाली दुसरं एक गाणं चाललेलं ऐकू आलं. १९६१ साली बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बँडमधून बाहेर पडला, तेव्हा तोवर गिटार वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात बेस पडला. त्याने त्या दुय्यम मानलेल्या वाद्याला गायला लावलं. पण तबकडीवर खर्ज जास्त झाला तर सुई उडेल, ही तेव्हाच्या ध्वनिमुद्रकांची धास्ती. १९६६ मध्ये या गाण्यासाठी ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने एक लाउडस्पीकरच उलटा मायक्रोफोनसारखा वापरला आणि बेस पुढे आणला. एवढ्या खटपटीनंतर मिळालेला तो आवाज माझ्या टू-इन-वनमध्ये इतकी वर्षं गडप होत होता.

मग जेम्स जेमरसन भेटला. म्हणजे त्याचं वाजवणं भेटलं; नाव कळायला आणखी वेळ लागला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांमागे प्रामुख्याने हा माणूस होता. ‘यू कान्ट हरी लव्ह’ सुप्रीम्सचं म्हणून जगाला ठाऊक आहे, पण त्याची चाल पायात शिरते ती जेमरसनमुळे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसच्या जातीचं वाद्य, तारा वर्षानुवर्षं न बदललेल्या, आणि छेडायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. त्या बोटाला सोबतचे वादक ‘हुक’ म्हणत. एका बोटातून तो स्वरांच्या अशा उड्या काढायचा की गायिका श्वास घेते त्या फटीतही गाणं थांबत नाही.

आणि या माणसाचं नाव तबकड्यांवर छापत नव्हते. कंपनी वादकांची नावं देतच नसे. १९७१ मध्ये मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर ते ठळकपणे आलं, तोवर जेमरसनने वाजवलेली अनेक गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आली होती. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. जेमरसनने बाहेर तिकीट विकत घेतलं आणि तो बाल्कनीत बसून पाहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, वयाच्या ४७व्या वर्षी. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

त्यानंतर मी गाणी अशीच ऐकत आलो, बेसच्या मागे मागे. १९८४ मध्ये प्रिन्सने ‘व्हेन डव्ज क्राय’मधून बेस काढूनच टाकला, तिथली रिकामी जागा गाण्याच्या एकटेपणाला शोभते. मेटॅलिकाचा १९८८चा अल्बम मात्र मला सहन होत नाही. त्याआधी दोन वर्षं त्यांचा बेसवादक क्लिफ बर्टन स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला आणि त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा आवाज या अल्बममध्ये जवळजवळ ऐकूच येत नाही.

आज खर्जाला तोटा नाही. १९८०च्या रोलंड ८०८ या ताल-यंत्राचा लांबवलेला घुमारा हिप-हॉपमधून पॉपमध्ये आला आणि स्थिरावला. आमच्याकडे विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती तर छातीच हादरवतात. पण तो नुसता दणका असतो, त्यात चाल नसते. याउलट बिली आयलिशचं २०१९चं ‘बॅड गाय’ ऐका: भावाबरोबर घरच्या खोलीत केलेलं गाणं, बेस यंत्रातला, तरी त्याला स्वतःची चाल आहे, चेहरा आहे. हाताने वाजवलेलं तेवढंच खरं, असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणून जमत नाही. आणि हाताने वाजवणारेही कुठे संपलेत? रेहमानबरोबर वाजवलेली मुंबईची मोहिनी डे बेस वाजवते तेव्हा माझी नजर तिच्या बोटांवरून हलत नाही.

माझी भाचीही आता बेस शिकते आहे. हल्ली गाण्यातलं एकेक वाद्य संगणकावर सुटं करून ऐकता येतं. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मधला जेमरसन एकटा ऐकत ती तासन् तास बसते. सुरुवातीच्याच ओळींवर अजून अडकली आहे, कारण त्याच्यासारखं एकाच बोटाने वाजवायचं असा तिचा हट्ट आहे. तिचे शिक्षक दोन बोटं वापरायला सांगतात. मी तिच्या बाजूने आहे.