डेंगळ्याचं फूल

आमच्या निफाड तालुक्यात कांद्याला फूल आलं की घरातली माणसं गप्प होतात. रोपं आगाप लावलेली असली आणि पौषातली थंडी लांबली, की पातीच्या मधून एक टणक, पोकळ दांडा वर येतो. त्याच्या टोकाला पांढरट गोल कळी असते. त्याला म्हणायचं डेंगळा. डेंगळा आलेल्या कांद्याची मान जाड राहते, तो साठवणीच्या चाळीत टिकत नाही आणि बाजारात व्यापारी तो बाजूला काढायला लावतो. लहानपणी आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे वाफ्यांतून फिरत डेंगळे मोडायचं काम मी कितीतरी वेळा केलंय. त्यामुळे कंदातून फूल वर येणं म्हणजे नुकसान, एवढंच मला ठाऊक होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समधल्या आम्स्टलवेनला राहायला आलो. पहिल्याच वसंतात सगळं जग बंद झालं. लिसे गावाजवळचं कॉकेनहोफ, १९५० पासून दर वसंतात लोकांसाठी उघडणारं, दरवर्षी सुमारे ७० लाख कंद लावणारं ते उद्यान, २०२० मध्ये उघडलंच नाही. मी ते बघायचे बेत महिनोन्‌महिने केले होते. एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक छोटी कुंडी. तीन निळ्या हायसिंथची कणसं. तळमजल्यावरच्या डच आजींनी ठेवली होती. दार लावेपर्यंत वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. आपल्या निशिगंधासारखाच गोड आणि दाट, पण त्यात ओल्या पाल्याचाही थोडा वास. त्या महिन्यात घराबाहेरून आत आलेली ती एकमेव ताजी गोष्ट होती, असं मला आजही वाटतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आजी मला कंद घ्यायला घेऊन गेल्या. दुकानात लाकडी खोकी ओळीनं मांडलेली. प्रत्येक खोक्यावर फुलाचं चित्र, जातीचं नाव आणि कंदाचा घेर सेंटीमीटरमध्ये. ट्यूलिप १२ च्या वरचा, हायसिंथ १७-१८ चा. मी नकळत आप्पांसारखी निवड करायला लागले. कंद तळहातावर तोलायचा, बुडाकडं अंगठ्यानं दाबून बघायचं, साल सुटली असेल तर खाली बुरशी आहे का ते पाहायचं. मऊ लागला की बाजूला. लहान, गोल्टीएवढे नकोच. आजी बघत होत्या. हे कुठं शिकलीस, म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या घरी लासलगावच्या बाजारासाठी कांदा निवडतात.

घरी आल्यावर नवऱ्यानं ती पिशवी कांद्याच्या टोपलीतच रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पोह्यांसाठी मी एक उचलला, चिरला आणि हात थांबला. कांदा चिरला आणि वास आला नाही, असं होतच नाही. हा मुका होता, आणि सुरीला चिकट पाणी लागलेलं. तो डॅफोडिलचा कंद निघाला, म्हणजे आपल्या नर्गिसचा भाऊबंद. वनस्पतीशास्त्रात नर्गिस आणि कांदा एकाच कुळातले, पण नर्गिसचा कंद विषारी असतो. तेव्हापासून फुलांचे कंद आमच्याकडं जाळीच्या पिशवीत, चिठ्ठी बांधून, स्वयंपाकघराबाहेर राहतात. लहान मुलं असलेल्या घरानं एवढं पाळावंच. आणि हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घालावेत. त्याची साल अळूसारखी खाजते.

एकदा मुद्दाम मी हायसिंथचा एक कंद उभा चिरून बघितला. नोव्हेंबर होता, बाहेर चार वाजताच अंधारायला लागलं होतं. पापुद्र्यांवर पापुद्रे, कांद्यासारखेच, पांढरे आणि रसदार. पण अगदी मधोमध, बुडाला टेकून, नखाएवढं एक पिवळसर हिरवं कणीस. बाजरीचं कणीस पोटरीत असताना सोलून बघावं तसं. एकेक कळी मोजता येत होती. म्हणजे कंद दुकानात आला तेव्हाच फूल आत तयार होतं. आता त्याला हवी होती फक्त थंडी.

ही थंडीची गोष्ट मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. महाराष्ट्रात कुठंही विचारा, हिवाळ्यात पारा सर्वांत खाली कुठं जातो, तर निफाडचं नाव येतंच. ज्या थंडीनं आमच्या कांद्याला डेंगळे येतात, तीच थंडी इथले लोक कंदाला मोजूनमापून देतात. ट्यूलिपला ९ अंशांच्या खाली चौदा ते सोळा आठवडे, हायसिंथला दहा ते बारा. ती मिळाली नाही तर फुलाचा दांडा लांबतच नाही, कळी पानांच्या बेचक्यात अडकून राहते. आमच्या इमारतीत सायकली ठेवायला तळघरात प्रत्येकाला एक खोली आहे. तिथं मी थर्मामीटर टांगला, तो सात-आठ अंश दाखवायचा. हीच माझी चाळ झाली.

हायसिंथ मी मातीत न लावता काचेत लावते. त्यासाठी गळ्याशी अरुंद आणि वर वाटीसारखा पसरट असा खास काचेचा पेला मिळतो. कंद वाटीत बसतो, पाणी खाली. बूड पाण्याला टेकू द्यायचं नाही, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवायची. टेकलं की कंद सडतो. मुळं पाण्याच्या ओढीनं खाली येतात. महिन्याभरात पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका पेला भरून टाकतो. कोंब चार-पाच सेंटीमीटर झाला की पेला वर आणायचा, आधी एका थंड, कमी उजेडाच्या कोपऱ्यात आणि मग खिडकीत. इथल्या घरांच्या खिडक्या मोठ्या, पडदे उघडे आणि खिडकीची पाटी हातभर रुंद. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही फूल दिसावं, असाच तिचा उपयोग करतात. बाहेर करडं आभाळ आणि काचेआड पाच पेले ओळीनं. मुळांसकट सगळं दिसणारी ही सजावट मला फुलदाणीतल्या कुठल्याही गुच्छापेक्षा जास्त आवडते.

बाकी मांडणी मी आपल्या भांड्यांत करते. लग्नात मिळालेलं ताम्हण देवाला कमी आणि मस्करीला जास्त लागतं. मस्करी ही बोटाएवढी, निळ्या मण्यांच्या घोसासारखी फुलं. ती कंदासकट कुंडीतून काढते, मुळांची माती हलक्या हातानं धुते आणि ताम्हणात ओल्या शेवाळावर बसवते. पितळेवर तो निळा रंग फार खुलतो. ट्यूलिप फुलदाणीत लावायचे तर पाणी थोडं आणि गार हवं. कापल्यावरही ते वाढत राहतात, उजेडाकडं वळतात, सकाळी सरळ मांडलेले संध्याकाळी झुकलेले दिसतात. ते सरळ करत बसू नये, तीच त्यांची शोभा आहे. डॅफोडिल मात्र पहिला दिवस वेगळ्या पाण्यात ठेवावेत, कारण त्यांचा चीक इतर फुलांना बाधतो. रात्री सगळं घरातल्या थंड भागात, हीटरपासून लांब. एवढं केलं तर फुलं कितीतरी दिवस जास्त टिकतात.

दाराशी एक मोठी कुंडी आहे, तिच्यात थर लावलेत. तळाशी ट्यूलिप, वर माती, मग डॅफोडिल, पुन्हा माती, सगळ्यात वर क्रोकस. टोक आभाळाकडं, आणि कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल. फेब्रुवारीच्या शेवटी क्रोकस येतात, मे उजाडेपर्यंत ट्यूलिप. एकाच कुंडीत तीन हंगाम.

दुसऱ्या वर्षी एक मोठी चूक झाली. तळघरातली जागा भरली म्हणून वीस ट्यूलिपचे कंद मी फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. सोळा आठवडे इमानेइतबारे सांभाळले. फेब्रुवारीत कुंडीत लावले, पानं सुरेख आली, आणि कळ्यांच्या जागी तपकिरी, वाळलेल्या कागदासारखे कपटे. वीसच्या वीस. मला रडू आलं. आजींनी एकच प्रश्न विचारला, फ्रीजमध्ये सफरचंदं होती का? होती. पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो, ज्यानं आपल्याकडं आढीत आंबे पिकतात, तो कंदातलं इवलंसं फूल आतल्या आत मारून टाकतो. तुमच्याकडं थंड जागा नाही आणि फ्रीजशिवाय इलाज नाही, तर त्या कप्प्यात फळ ठेवू नका. एकही नको.

त्या दिवशी ते वांझ कंद कचऱ्यात टाकताना आजींनी माझा हात धरला आणि पहिल्यांदा १९४४-४५ च्या हिवाळ्याबद्दल बोलल्या. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्न पोचत नव्हतं, सुमारे वीस हजार माणसं मेली. त्या तेव्हा आठ वर्षांच्या. आई ट्यूलिपचे कंद सोलायची, मधला पिवळा गाभा काढून टाकायची, कारण तो बाधतो, आणि उरलेलं उकडायची. चव त्यांना आजही आठवते, पण सांगावीशी वाटत नाही. युद्धानंतर कित्येक वर्षं त्यांच्या आईनं घरात ट्यूलिप आणले नाहीत. आजी आणतात. दर ऑक्टोबरला लावतात, मोजून शंभर.

इथल्या लोकांना वाटतं ट्यूलिप त्यांचाच, पण तो मध्य आशियातून तुर्कस्तानमार्गे आलेला. वनस्पतीशास्त्रज्ञ कारोलस क्लुसिअस १५९३ मध्ये लायडनच्या विद्यापीठाच्या बागेवर आला आणि पुढच्या वर्षी तिथं ट्यूलिप फुलला. मग चाळीसेक वर्षांत हार्लेमच्या गुत्त्यांतून जमिनीतल्या कंदांचे सौदे चालू झाले, आणि १६३७ च्या फेब्रुवारीत भाव कोसळले. कांद्याच्या लिलावाला उभ्या राहिलेल्या माणसाच्या मुलीला त्यातलं काहीच परकं वाटत नाही. माल तोच, सकाळचा भाव दुपारी नसतो.

२०२३ चा पाडवा २२ मार्चला होता. दोन दिवस आधी इराणी मैत्रिणीकडं नवरोज. तिच्या टेबलावर अंकुरलेले गहू, सफरचंद, लसणीचा गड्डा आणि मधोमध हायसिंथ. फारसीत त्याला सोंबोल म्हणतात, आणि तो नसेल तर तिला नवं वर्ष लागल्यासारखं वाटत नाही. निघताना तिनं एक कुंडी माझ्या हातात दिली. पाडव्याला कडुलिंबाची पानं होती, ती आईनं वाळवून पाठवलेली. गाठी होती. फुलांची माळ नव्हती. मी हायसिंथच्या एका कणसाची फुलं सुटी केली, ओंजळ भरली. फूल जाड, मेणासारखं, नळीसारखं; सुईत सहज ओवलं जातं. निळी माळ घातलेली गुढी आमच्या खिडकीत उभी राहिली आणि दिवसभर घर दरवळत राहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आजींच्या बागेच्या पट्ट्यात मी दहा कंद लावले. नाव वाचून थबकले होते: ॲलियम. कांद्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द. शोभेसाठी लावतात तो कांदा. मेमध्ये गुडघ्याच्या वर दांडे आले, टोकाला जांभळे चेंडू, एकेका चेंडूत असंख्य चांदण्या. मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"ताई, हे तर डेंगळे."

"हो आप्पा."

"विकत आणून लावले?"

"हो."

ते पुन्हा बघत राहिले. चाळीच्या सावलीत बसले होते, मागं उन्हाळ कांद्याचा ढीग दिसत होता. मग म्हणाले, "मोडू नको हां."

मोडले नाहीत. फुलं सुकल्यावर दांडे कापून आणले. ते चेंडू अजून आमच्या दिवाणखान्यात पितळी तांब्यात उभे आहेत.