नावाआधीची ओळख

अळंबीचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो तो "खाण्याची की विषारी?" हा. अळंबीच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न "ही कोणती?" असा असतो. या दोन प्रश्नांचे नाते फार जवळचे आहे, असे मला वाटते.

बोलेटस कुळातील अळंबीचेच पाहा. आपल्या ओळखीच्या भूछत्राखाली पातळ पापुद्रे असतात; हिच्या टोपीखाली स्पंजासारखी बारीक छिद्रे दिसतात. ती सूक्ष्म नळ्यांची तोंडे होत, व त्या नळ्यांतच बीजाणू तयार होतात. एवढ्यावरून कूळ कळते. जात कळण्यास मात्र छिद्रांचा रंग, देठावरील जाळी, बीजाणूंचा ठसा आणि चिरल्यावर गराचा पालटणारा रंग, हे सर्व पाहावे लागते. कित्येकींचा गर हवा लागताच निळा पडतो. त्यातील रंगद्रव्यांशी प्राणवायूचा संयोग होतो, एवढेच त्याचे कारण. "निळी ती विषारी" हा सोपा नियम येथे टिकत नाही. युरोपातील तपकिरी 'बे बोलेट' निळी पडूनही आवडीने खाल्ली जाते. लाल छिद्रांची 'सैतानी' निळी पडते आणि खाणाऱ्यास ओकाऱ्यांनी हैराण करते. आणि जगात सर्वांत अधिक बळी घेणारी पापुद्र्यांची 'डेथ कॅप' मुळीच निळी पडत नाही. सोप्या नियमांवर विसंबणाऱ्याने आपला जीवच पणास लावलेला असतो.

बरे, शास्त्राची नावे तरी स्थिर आहेत काय? 1831 साली बोलेटस म्हणून नोंदलेली ही सैतानी 2014 साली 'रुब्रोबोलेटस' या नव्या प्रजातीत गेली. त्याच वर्षी एक मौजेची गोष्ट प्रसिद्ध झाली. क्यू उद्यानातील ब्रिन डेंटिंजर व लॉरा सुझ यांनी लंडनच्या दुकानातून सुक्या 'पोर्चिनी'चे पाकीट आणून त्यातील 15 तुकड्यांचा डीएनए तपासला. त्यांत तीन जाती निघाल्या, आणि तिन्हींपैकी एकीलाही शास्त्रीय नाव नव्हते! माल चीनमधला होता. लोक जे रांधून खात होते ते शास्त्राच्या वहीत नव्हतेच.

मीही पावसाळ्यात अळंबी घेतो ती विकणाऱ्या बाईच्या शब्दावर. कोणत्या जागी कोणती उगवते, हे तिला पक्के ठाऊक असते. लॅटिन नावावाचून तिचे अडत नाही. परंतु तिचे ज्ञान तिच्या रानापुरते असते. पाकीट समुद्रापार गेले की तो शब्द मागे राहतो, आणि मग नावाची गरज पडते.

त्या तिघींपैकी एकीला 'बोलेटस शियोंग' असे नाव मिळाले. चिनी भाषेत 'शियोंग' म्हणजे खाण्याजोगे. 1782 साली ब्यूल्यारने दिलेल्या 'बोलेटस एडुलिस' या नावातील 'एडुलिस'चा अर्थही तोच. म्हणजे स्वयंपाकघरातला प्रश्न शास्त्राने टाकून दिला नाही. त्याचे उत्तरच नावात लिहून ठेवले.