टॅब जुना, शेल नवा!

मॅक रीस्टार्ट करा. टर्मिनलच्या खिडक्या आपापल्या जागी, कालचा मजकूर जसाच्या तसा! २०११च्या लायन व्हर्जनपासूनची ही सोय. पण खरं सांगू? परत येतो तो फक्त मजकूर. आतला शेल, म्हणजे आपल्या कमांड्स ऐकणारा प्रोग्राम, कोरा करकरीत असतो. टर्मिनल त्याला कालच्याच फोल्डरमध्ये उभं करतं, पण तो सुरू होताच आधी स्वतःची स्टार्टअप फाइल वाचतो. लोचा तिथेच होतो.

कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या रूममेटला तो चांगलाच महागात पडला. रोज तेच टाइप करायला नको म्हणून तिनं त्या फाइलमध्ये एक ओळ टाकलेली : थेट चालू प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा. अपडेटनंतर तिचे पाचही टॅब परत आले आणि पाचही गुपचूप त्याच फोल्डरमध्ये जाऊन बसले. टेस्टिंगच्या टॅबवर कालच्या टेस्टिंगच्याच ओळी. (प्रॉम्प्टमध्ये फोल्डरचं नाव दिसतं म्हणा, पण रात्री दोनला ते कोण वाचतं!) तिनं 'डेटा' उडवायची कमांड दिली. उडाला तो खरा डेटा, तीन आठवड्यांचा. कोड गिटमध्ये होता, डेटा नव्हता. आणि ही कमांड ट्रॅशमध्ये काही ठेवत नाही. मी मुकाट्यानं चहा टाकला.

ती ओळ तिनं काढली नाही, बदलली : होम फोल्डरमध्ये असशील तरच जा. नवी खिडकी होममध्ये उघडते, परत आलेली आपल्या जुन्या जागी. त्यामुळे आता भांडण नाही. डेटा मात्र पुन्हा गोळा करावा लागला. सगळे रविवार त्यात गेले.