अट आधी कोणावर?

मॅसॅच्युसेट्समध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना इथली शाळा समजावून सांगण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. मूल नववी-दहावीच्या वयाचं असलं की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे बोर्डाची परीक्षा कधी असते? तशी परीक्षा नसते म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न येतो: मग मूल पास झालं हे ठरवतं कोण? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता देताच या विषयावरचं माझं मत तयार होत गेलं. इथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. ठरवून दिलेले विषय घ्यायचे, वर्षभराचा विषय उत्तीर्ण झालो की त्याचं क्रेडिट जमा करायचं आणि शाळेने सांगितलेली बेरीज भरली की डिप्लोमा हाती पडतो. ही बेरीज प्रत्येक राज्यात निराळी, आणि आमच्या राज्यात तर गावागणिक निराळी. विद्यार्थ्याने काय पूर्ण करायचं याच्या याद्या शाळांच्या पुस्तिकांत सविस्तर छापलेल्या असतात. शाळेने आणि राज्याने काय पूर्ण करायचं, याची तशी यादी पालकांच्या हातात कुणी देत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की डिप्लोमाची अट आधी शिकवणाऱ्यावर पडली पाहिजे, शिकणाऱ्यावर त्यानंतर.

हे म्हणणं मी शोधून काढलेलं नाही. या राज्याच्या कायद्याच्या मुळाशी ते आहेच. 1993 साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकडफी खटल्यात स्पष्ट सांगितलं की गरीब गावातल्या मुलालाही नीट शिक्षण देणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे, गावाची घरपट्टी कमी जमते ही सबब चालणार नाही. त्याच महिन्यात शिक्षण सुधारणा कायदा झाला. त्या कायद्याने दोन गोष्टी एकत्र बांधल्या. प्रत्येक जिल्ह्याला किमान किती पैसा लागतो याचा हिशेब करून गरीब गावांची तूट राज्याने भरायची, आणि त्या बदल्यात सगळ्या मुलांसाठी एकच अभ्यासक्रमाची पातळी ठरवून ती परीक्षेने तपासायची. एमकॅस नावाची ती परीक्षा. 2003 साली बाहेर पडलेल्या तुकडीपासून दहावीतल्या इंग्रजी आणि गणिताच्या एमकॅसशिवाय डिप्लोमा मिळेनासा झाला. 2010 च्या तुकडीपासून विज्ञानही आलं. पैसा आणि परीक्षा या दोन्ही बाजू मिळून तो करार होता. पुढच्या चर्चांत परीक्षेची बाजू तेवढी लोकांच्या लक्षात राहिली आणि पैशाचं सूत्र जुनं होत गेलं, इतकं की 2019 मध्ये नवा कायदा करून सात वर्षांत दीड अब्ज डॉलर वाढवून देण्याचं ठरवावं लागलं. नोव्हेंबर 2024 मध्ये जनमत घेतलं गेलं आणि सुमारे 59 टक्के मतदारांनी एमकॅसची अट काढून टाकली. परीक्षा होतेच, कारण हायस्कूलमध्ये एकदा तरी परीक्षा घ्यायला केंद्राचा कायदा भाग पाडतो. पण तिच्यावर आता डिप्लोमा अडत नाही. मागे काय उरलं हे पाहिलं तर मला धास्ती वाटते. राज्याच्या कायद्याने सक्तीचे म्हणावेत असे विषय दोनच, शारीरिक शिक्षण आणि इतिहास-नागरिकशास्त्र. बाकी सगळं गावाच्या शाळा समितीच्या हाती.

इथे क्रेडिट म्हणजे नेमकं काय, ते थोडं खोलात जाऊन पाहायला हवं, कारण परीक्षा गेल्यावर सगळा भार त्याच्यावरच आला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँड्र्यू कार्नेगींच्या देणगीतून प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी एक संस्था उभी राहिली. कोणतं कॉलेज खरोखर कॉलेज म्हणायचं हे ठरवण्यासाठी तिने एक कसोटी लावली: प्रवेशासाठी हायस्कूलची किमान 14 युनिट मागणारं कॉलेज. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे 120 तास. निवृत्तिवेतन हवं म्हणून कॉलेजांनी ही पद्धत स्वीकारली आणि कॉलेजप्रवेश हवा म्हणून हायस्कुलांनी. म्हणजे अमेरिकन डिप्लोमाचं मूळ माप हे वेळेचं माप आहे. मूल वर्गात किती तास बसलं हे ते नेमकं सांगतं, काय शिकलं हे शिक्षकाच्या ग्रेडवर सोडतं. त्यामुळे ‘बीजगणित दोन’ हे नाव दोन गावांच्या गुणपत्रकांवर सारखंच दिसतं, पण एका गावात त्यात लॉगॅरिदम आणि त्रिकोणमितीपर्यंत मजल गेलेली असते आणि दुसऱ्या गावात वर्गसमीकरणांपाशीच जून उजाडलेला असतो. राज्याने मासकोर नावाची एक शिफारस केलेली आहे: इंग्रजी चार वर्षं, गणित चार, प्रयोगशाळेसह विज्ञान तीन, इतिहास तीन, एकच परकी भाषा दोन वर्षं, कला एक वर्ष आणि आणखी पाच मुख्य विषय, असे एकूण 22. यादी उत्तम आहे. पण ती शिफारस आहे. ज्या गावाला भौतिकशास्त्राचा शिक्षक परवडत नाही ते गाव आपल्या यादीत विज्ञानाची दोनच वर्षं ठेवतं आणि त्या गावच्या मुलाचा डिप्लोमाही कागदावर पूर्णच दिसतो. कमतरता गावाची असते आणि ती कळते मुलाला, कॉलेजात गेल्यावर.

मग परीक्षाच परत आणा, असं मला आपल्याच लोकांकडून सर्वांत जास्त ऐकायला मिळतं. राज्य मंडळाच्या परीक्षेतून वर आलेल्या पिढीचा बाहेरच्या परीक्षेवर विश्वास असणं स्वाभाविक आहे. तिथे ओळख चालत नाही, उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, खेड्यातल्या मुलीला शहरातल्या मुलाच्या बरोबरीने मोजलं जातं. या युक्तिवादात तथ्य आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. पण बाहेरच्या परीक्षेचा आकडाही आपोआप खरा नसतो, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिलं आहे. दहावीचा निकाल मार्च 2018 मध्ये 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा विषयांचे 20 अंतर्गत गुण बंद झाले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल 77.10 टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण परत आले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही हे खरं, पण एका पेपराने एवढी झेप समजत नाही. तीन वर्षांत मराठी मुलांची बुद्धी खाली जाऊन वर आली असं कोणी म्हणणार नाही. बदलली ती अट, आणि अट बदलल्याबरोबर लाखो घरांत पास-नापासाचा निकाल बदलला. मुलांना काय येतं हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

परीक्षेच्या अटीवर याहून मोठा आक्षेप न्यायाचा आहे, आणि अमेरिकेत तो न्यायालयात लढला गेला आहे. फ्लोरिडाने 1970 च्या दशकात डिप्लोमासाठी एक साक्षरता-परीक्षा सक्तीची केली. तीनदा संधी देऊनही गोऱ्या विद्यार्थ्यांत सुमारे 2 टक्के अडकले, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत सुमारे 20 टक्के. ही मुलं शाळेत दाखल झाली तेव्हा फ्लोरिडात काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि काळ्यांच्या शाळा जाणूनबुजून दरिद्री ठेवलेल्या होत्या. डेब्रा पी. या नावाने गाजलेल्या खटल्यात 1981 साली अपील न्यायालयाने तत्त्व घालून दिलं की शाळेत जे शिकवलं त्याचीच परीक्षा घेता येईल. न शिकवलेल्या गोष्टीसाठी मुलाचा डिप्लोमा रोखणं घटनाबाह्य आहे. शिकवलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी राज्यावर पडली. मला हा निकाल या संपूर्ण विषयाचा कणा वाटतो. एमकॅसच्या बाबतीत हेच लावून पाहा. गावाच्या सगळ्या अटी पूर्ण करूनही फक्त या परीक्षेमुळे डिप्लोमा हुकणारी मुलं दरवर्षी सुमारे 700 होती, तुकडीच्या एक टक्का. त्यांत बहुतेक इंग्रजी नव्याने शिकणारी किंवा अपंगत्व असलेली. जी मुलं शिकवायला सर्वांत अवघड आणि ज्यांच्यावर सर्वांत जास्त खर्च व्हायला हवा, नेमकी तीच शेवटी दारात अडत होती. त्यांना अडवून शाळेवर काय परिणाम झाला? काहीच नाही. मुख्याध्यापकाची नोकरी, गावाचं अंदाजपत्रक, काही हललं नाही. दंड भरला तो सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी.

पण परीक्षा नको म्हणून शिक्षकांच्या ग्रेडवर डोळे मिटून विसंबावं, असंही मी म्हणत नाही. वॉशिंग्टन शहराच्या सरकारी शाळांतून 2017 मध्ये डिप्लोमा घेतलेल्या मुलांची शहरानेच नेमलेल्या तपासनीसांनी छाननी केली, तेव्हा सुमारे 34 टक्के डिप्लोमा नियम मोडून दिलेले निघाले. वर्षातले कित्येक आठवडे गैरहजर राहिलेली मुलं उत्तीर्ण झाली होती, बुडालेल्या विषयांचं क्रेडिट घाईघाईच्या वर्गांतून भरून काढलं होतं. शाळांना उत्तीर्णांचं प्रमाण वाढवून दाखवायचं होतं आणि शिक्षकांवर दबाव होता. देशपातळीवरही चित्र फार आश्वासक नाही. चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण 2010-11 मध्ये 79 टक्के होतं, 2018-19 मध्ये 86 टक्के झालं. त्याच काळात बारावीच्या राष्ट्रीय चाचणीत गणिताची सरासरी काही वर गेली नाही आणि 2019 मध्ये वाचनाची 2015 पेक्षाही खाली आली. म्हणूनच राज्याने हात काढून घेणं मला मान्य नाही. एमकॅस होतेच आहे, तर तिचा उपयोग शाळेची तपासणी म्हणून करावा. एखाद्या शाळेत बीजगणितात उत्तम ग्रेड मिळवणारी मुलं राज्याच्या गणिताच्या परीक्षेत सातत्याने कोसळत असतील, तर राज्याने त्या शाळेत जावं, मुलांच्या वह्या आणि प्रकल्प पाहावेत, शिक्षक द्यावेत, पैसा द्यावा. पडताळा शाळेचा व्हावा आणि त्याचे परिणामही शाळेने भोगावेत.

या पडताळ्याबरोबर राज्याने मासकोरही बंधनकारक करावं, असं मला वाटतं. त्याला एक गंभीर हरकत शिकागोच्या अनुभवातून घेतली जाते. तिथल्या शाळांनी 1997 पासून नववीच्या प्रत्येक मुलाला बीजगणित आणि पूर्ण पातळीचं इंग्रजी सक्तीचं केलं, आधीचे सोपे पूरक वर्ग बंद केले. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर पाहिलं तर क्रेडिट घेणाऱ्या मुलांची संख्या वाढली होती, नापासांचंही प्रमाण थोडं वाढलं होतं आणि चाचण्यांतले गुण जिथल्या तिथे होते. म्हणजे मासकोर सक्तीचं करून हाती काही लागणार नाही, असा निष्कर्ष काढला जातो. मी या अभ्यासातून उलटं शिकले. शिकागोने अट मुलांवर घातली. वर्गात कच्चं गणित घेऊन आलेल्या मुलासाठी जादा तास आणि त्याला सांभाळणारा शिक्षक ही अट शाळेवर घातली नाही. त्याच शहरात पुढे दुसरा प्रयोग झाला. संशोधकांना दिसलं की नववी संपताना ज्या मुलाची पाच वर्षभराची क्रेडिटं जमा झाली आहेत आणि मुख्य विषयांत एकाहून जास्त सत्र बुडालेलं नाही, ते मूल वेळेत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पटींहून जास्त असते. शाळांनी या खुणेवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. नववीतच कोण घसरतंय हे आठवड्या-आठवड्याला पाहायचं, घरी फोन करायचा, गैरहजेरीचं कारण शोधायचं, गृहपाठ करून घ्यायला माणूस द्यायचा. पुढच्या वर्षांत शिकागोचं पूर्ततेचं प्रमाण लक्षणीय वाढलं. तीच मुलं, तेच विषय, फक्त लक्ष ठेवण्याचं काम शाळेने आपलं मानलं. म्हणून मी पालकांना सांगते की बारावीच्या वसंतात बेरीज करत बसू नका, नववीच्या पहिल्या सत्राचं गुणपत्रक हातात घेऊन काउन्सेलरला भेटा.

शाळा गावाने चालवायची ही न्यू इंग्लंडची जुनी परंपरा आहे, तिच्यात राज्याने किती शिरावं, असंही विचारलं जातं. गावाने शिक्षक नेमावेत, पुस्तकं निवडावीत, वेळापत्रक आखावं, याला माझी काहीच हरकत नाही. पण किमान काय शिकवायचं हे गावाच्या श्रीमंतीवर सोडलं तर मॅकडफीचा निकाल कागदावरच राहतो. आणि तंत्रशाळांतल्या मुलांवर हे ओझं होईल, ही भीतीही फार टिकत नाही. या राज्यातल्या तंत्रशाळांत एक आठवडा वर्ग आणि एक आठवडा कार्यशाळा असं चक्र चालतं, ती मुलं हीच एमकॅस देत आली आहेत आणि मासकोरमध्ये त्यांना भाषा आणि कलेतून सूट घ्यायची सोय आधीपासूनच आहे.

मला जास्त काळजी वाटते ती मधल्या वर्षी दाखल होणाऱ्या मुलांची. महाराष्ट्रात दहावी करून आलेलं मूल अकरावीत बसतं तेव्हा त्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासाची क्रेडिटं किती धरायची हे प्रत्येक शाळा आपल्या समजुतीने ठरवते. एक शाळा मराठीला परक्या भाषेची दोन वर्षं म्हणून मान्यता देते, दुसरी त्याच मुलाला स्पॅनिशच्या पहिल्या वर्गात बसवते. एक शाळा दहावीच्या भूमितीचं क्रेडिट देते, दुसरी ती पुन्हा शिकायला लावते. अमेरिकेचा इतिहास तर नव्याने करावाच लागतो, आणि तो करावा हे योग्यच आहे. पण बाकीच्या विषयांत दोन गावांत दोन निकाल लागावेत याला कोणतंही शैक्षणिक कारण नाही. राज्याने मासकोर बंधनकारक करावं, ते शिकवण्याचा खर्च ज्या गावांना झेपत नाही त्यांचा वाटा उचलावा, आणि परदेशातून आलेल्या गुणपत्रकांचा एकच तक्ता प्रत्येक शाळेला द्यावा. डिप्लोमासाठी नवे नियम ठरवताना आधी ही तीन कामं व्हावीत. मुलांसाठीच्या अटी लिहायला त्यानंतर बसावं.